पांढऱ्या चादरीतली मशीन

धर्मेंद्र रामटेके लग्नकार्याच्या लॉनवरचं गवत कापतो. मशीन त्याची स्वतःची आहे, पण ती न्यायला गाडी नाही. पेट्रोलच्या वासामुळे एसटीचा कंडक्टर चढू देत नाही, आणि सायकलवर बांधली तर सायकलच मागे कलते. म्हणून तो मशीनची दांडी काढून ठेवतो, मशीन जाड बांबूला मधोमध बांधतो, आणि पुढे तो, मागे बायको सरिता, अशी जोडी खांदा देऊन निघते.

आंधळगावच्या दुर्गाबाईंच्या नव्या लॉनवर पहिलंच लग्न होतं. हे काम पसंत पडलं, तर हंगामभर काम त्याचंच. सरितानं मशीनवर धुतलेली पांढरीशुभ्र चादर घातली. वाटेत सायकलवाले खाली उतरून हात जोडत होते. धर्मेंद्रला वाटलं, आपला मान वाढला!

फाटकातच दुर्गाबाई कडाडल्या, "थांब तिथंच! मांडवाच्या दिवशी तिरडी कोणाची आणून राहिला?"

"मशीन आहे जी."

"मंग पांढरं काहून टाकलं?"

"आमच्या बौद्धांत लग्नाले पांढरंच नेसतात, बाई," सरिता मागून म्हणाली. "शुभकाम म्हणून सजवून आणली."

दुर्गाबाईंनी चादरीकडे पाहिलं, बांबूकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. रंगलेल्या नाटकातही असा प्रवेश क्वचितच पाहायला मिळतो. मग त्यांनी घरच्या मागावर विणलेला पिवळा दुपट्टा आणून दिला. "काप आता गवत. अन् पुढल्या लग्नाले हे टाकून आणजो."

आता ही जोडी निघाली की रस्त्यावरचे विचारतात, "वरात कोणाची गा?"

"मशीनची!" मागून सरिता सांगते.