मिस्त्रींची न पोचलेली कामं

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि लिफ्टबद्दल कोणी मोघम बोललेलं त्यांना मुळीच खपत नसे. एखाद्या इमारतीचा सेक्रेटरी फोनवर म्हणाला की "लिफ्ट अधूनमधून अडकते," की मिस्त्री त्याची उलटतपासणी घ्यायला बसायचे. अधूनमधून म्हणजे कधी? वर जाताना की खाली येताना? आत माणसं किती होती? यंत्र लहरी नसतं, आपल्याला कारण ठाऊक नसतं एवढंच, हे त्यांचं एकतीस वर्षांचं तत्त्वज्ञान. एवढा शहाणा माणूस, पण पाळी स्वतःच्या डोक्यावर आली तेव्हा एक प्रश्न विचारेल तर शपथ.

त्यांच्याकडे सव्वीस लिफ्ट होत्या. पूर्वी सगळा कारभार ग्रीसचे ठसे पडलेल्या एका वहीत चालायचा. दोन वर्षांपूर्वी सुनेनं वही बंद करून कामांची यादी फोनवर आणि घरच्या कॉम्प्युटरवर अशी दोन्हीकडे टाकून दिली. तक्रारीचे फोन बायको घ्यायची आणि कॉम्प्युटरवर लिहायची. ते मिस्त्रींना फोनवर दिसायचं. काम झालं की मिस्त्री फोनवर खूण करायचे, नवं काही सुचलं की तिथंच लिहायचे, आणि ते बायकोला घरी दिसायचं. रात्री जेवताना ती दिवसभरात आलेल्या नव्या तक्रारी वाचून दाखवायची आणि ते मान हलवत जेवायचे. असा दोघांचा संसार त्या यादीवर सुखानं चालला होता.

गेल्या चार महिन्यांत मात्र काहीतरी बिनसलं. मंगळवारी बदललेला, दरवाजा लागल्याचं लिफ्टला कळवणारा कॉन्टॅक्ट पुढच्या सोमवारी पुन्हा 'बाकी' म्हणून यादीत हजर झाला. मिस्त्री पिशवी घेऊन निमूट गेले, तर वॉचमन म्हणाला की काका, हे तर तुम्ही गेल्याच मंगळवारी करून गेलात. मिस्त्रींनी हसून वेळ मारून नेली. मग वृद्धाश्रमाच्या लिफ्टचं झालं. तिथल्या दोराच्या तारा झिजायला लागल्या होत्या आणि नवा दोर मागवायचा होता. आपण ते लिहिलं होतं असं त्यांना पक्कं वाटत होतं, पण यादीत त्याचा मागमूस नव्हता. नऊ दिवसांनी आठवलं तेव्हा त्यांना घाम फुटला. दोराला काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

आता यात घाबरण्यासारखं एवढं काय, असं कोणी म्हणेल. त्याला मिस्त्रींच्या वडिलांची गोष्ट ठाऊक नाही. वडील साठीला आले आणि एकेक गोष्ट विसरत गेले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटी शेवटी मिस्त्री घरात शिरले की ते उठून उभे राहायचे आणि अदबीनं विचारायचे, "आपण कोणाकडे आलात?" मिस्त्री आता एकोणसाठ वर्षांचे होते. त्यांनी सुतावरून स्वर्ग गाठला आणि तोंडाला कुलूप लावलं.

शुक्रवारी ते कुलूप उघडलं. जेवणानंतर त्यांनी बायकोला सांगितलं की सोमवारी सगळ्या मशीनरूमच्या किल्ल्या एका कंपनीला देऊन टाकणार. म्हाताऱ्या माणसांची लिफ्ट विसरभोळ्या माणसाच्या हातात राहू नये, बस. बायकोनं कारण विचारलं, त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, आणि ती ताटं उचलून आत गेली. सकाळी मात्र तिनं सगळं सुनेच्या कानावर घातलं.

सून पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर बाटल्यांवर नंबर टाकणं आणि कशात काय सापडलं ते लिहिणं हा तिचा धंदा. शनिवारची सुट्टी होती. ती वही-पेन घेऊन सासऱ्यांसमोर येऊन बसली.

"बाबा, तुम्ही विसरता की फोन विसरतो, ते आधी बघू. सोमवार अजून लांब आहे."

मिस्त्री म्हणाले की बघण्यासारखं काही नाही. लिहिलेलं कधी पोचतं, कधी पोचत नाही. फोन असा थोडाच वागतो, डोकं वागतं.

"कधी पोचत नाही? म्हणजे नेमकं कधी?" सुनेनं विचारलं.

एकतीस वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारून पिडणारा माणूस आज स्वतःच त्यात सापडला. मग आज्ञाधारकपणे फोन घेऊन उठला.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा दंडक. कामांच्या यादीला हात न लावता तिनं चाचणीसाठी एक वेगळी कोरी यादी काढून दिली, आणि आधी त्यांनी बैठकीच्या खोलीत बसून फोनवर तिच्यात 'चाचणी एक' असं लिहिलं. ते लगेच कॉम्प्युटरवर आलं. मग रस्त्यावर जाऊन लिहिलं; तेही आलं. मिस्त्रींचा चेहरा पडला, कारण फोन निर्दोष सुटत चालला होता. मग ती म्हणाली, आता कामावर लिहिता तसंच लिहा. म्हणून ते आपल्याच इमारतीच्या लिफ्टच्या केबिनवर चढले आणि शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, उभं राहून त्यांनी आधी फोनचा विमानातला मोड लावला. ही त्यांची जुनी सवय. एकदा ऐन कामात फोन खणखणला होता आणि दचकून हातातला पाना सहा मजले खाली गेला होता. तेव्हापासून शाफ्टमध्ये फोन मुका. 'चाचणी तीन' लिहून ते खाली आले, मोड काढला आणि फोन नेहमीसारखा खिशात टाकला.

अर्धा तास गेला. कॉम्प्युटरवर काही नाही. मिस्त्रींचा हात खिशाकडे गेला तेव्हा सुनेनं दटावलं की हात लावायचा नाही. तासाभरानं तिनं स्वतः फोन घेतला आणि सेटिंगमध्ये शोधून काढलं. चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या या नव्या फोनात बॅटरी वाचवायची सोय पहिल्यापासून चालू होती. यादी बंद असली की तिला गुपचूप काही पाठवायची परवानगीच नव्हती. जी यादी उघडाल तेवढीच पाठवणार, आणि मिस्त्री कामांची यादी उघडायचे ते शाफ्टमध्ये, फोन मुका करून. घरी उघडायची गरजच नव्हती; घरी बायको वाचून दाखवत होती.

मिस्त्रींचे डोळे चमकले, पण क्षणभरच. लिहिलेलं निदान फोनात तरी राहायला हवं होतं. ते कुठं जायचं? सुनेनं वहीत तारखा मांडल्या. हरवलेलं सगळं सोमवारी हरवलं होतं. तिनं विचारलं, रविवारी या फोनाचं काय होतं?

"मी पुसते ना," बायको स्वयंपाकघरातून हौसेनं म्हणाली.

ती हात पुसत बाहेर आली आणि सांगू लागली. आधी फडक्यानं ग्रीस पुसायचं. मग दुकानातल्या माणसानं शिकवल्याप्रमाणे आत जाऊन एकेका अ‍ॅपसमोरचं 'डेटा पुसा' दाबायचं, म्हणजे फोन हलका होतो. किती कचरा निघतो म्हणून सांगू, दर रविवारी! न चुकता करते, यांना कामाच्या मध्ये त्रास नको म्हणून. बोलता बोलता तिला दोघांचे चेहरे दिसले आणि ती थांबली. न पाठवलेला आठवडा तो कचरा होता. पुसून झाल्यावर ती यादी एकदा उघडून बघायची, तेव्हा फोन कॉम्प्युटरवरची जुनी यादी आणायचा आणि सोमवारी तीच मिस्त्रींपुढं यायची.

"म्हणजे चार महिने मीच तुम्हाला..." असं म्हणून ती कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं.

मिस्त्रींना आधी हसू फुटलं. मग हसता हसता त्यांनी डोळ्यांवर हात धरला. चार महिने ते रोज सकाळी आरशासमोर घरातल्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघत होते. आता ती परीक्षा संपली होती. छातीवरून कोणी धोंडा उचलावा तसं त्यांना झालं. बायकोला त्यांनी समजावलं की तुझी मेहनत नडली, आणि मेहनत करणारं माणूस घरात आहे हे काय थोडं आहे? मग ते सुनेकडे वळले.

"सूनबाई, तू जर म्हणाली असतीस की बाबा, आता वय झालं, तर मी मान डोलावून किल्ल्या दिल्या असत्या. तुझे उपकार आहेत."

सुनेनं घाईघाईनं बॅटरीची ती अट काढली आणि कामांची यादी उघडली. या आठवड्याचा रविवार अजून उजाडायचा होता. सोमवारपासून शाफ्टमध्ये लिहिलेलं सगळं फोनात अडकून पडलं होतं, ते आता एकामागून एक कॉम्प्युटरवर येऊ लागलं. खुर्चीत बायकोच होती. तिनं डोळे पुसले आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. शाळेची लिफ्ट, ब्रेक तपासला, झालं. वृद्धाश्रम, नवा दोर बसवला, झालं. सात मजली इमारत, दरवाज्याला ग्रीस, बाकी. मग ती मध्येच थांबली.

मिस्त्रींच्या लक्षात आलं आणि ते पुढं झाले, पण उशीर झाला होता. गुरुवारी, अंधाऱ्या शाफ्टमध्ये, त्यांनी लिहिलं होतं: 'विसरायच्या आधी हिला सांगणे. तू होतीस म्हणून निभावलं. रोज मनात येतं, बोलायचं राहतं.'

सून हळूच उठू लागली, तर सासूनं तिचा हात धरून तिला बसवलं.

"अहो, हे एक काम बाकी दिसतंय," बायको म्हणाली.

"वाचलंस ना आता. करून टाक खूण."

"तुम्ही 'सांगणे' असं लिहिलंय. मी वाचून ते झालं कसं?"

मिस्त्रींनी जमिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्यावर असा प्रसंग आला नव्हता. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि ते वाक्य, लिहिलं होतं तसंच, बायकोकडे बघून म्हणून दाखवलं. आवाज थोडा फाटला, पण शब्द एकही विसरले नाहीत.

बायकोनं कॉम्प्युटरवर खूण केली. मिस्त्रींनी फोन वर धरून पाहिलं. तिथंही ते काम झालेलं दिसत होतं.