घरमालकांचा पेचकस

माझ्या घरमालकांइतका भाडेकरूंच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. मी शेलूबाजारच्या शाळेत शिक्षक होतो आणि सहा वर्षं त्यांच्या खोलीत राहिलो, त्यामुळे हे मी अधिकारानं सांगू शकतो. घराच्या मागे त्यांच्या ओळीनं चार खोल्या होत्या. गावात सगळे त्यांना काकाजी म्हणत, मीही म्हणायचो, पण मनातल्या मनात बरंच काही वेगळं म्हणायचो. खोली बघायला आलेल्या माणसाला ते आधी स्वतःच्या स्वयंपाकघरात नेऊन चहा करायला लावत आणि स्वतः स्टुलावर बसून बघत राहत. चहा कसा झाला याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. चहा झाल्यावर माणूस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करतो की नाही, एवढंच बघायचं असे. एका बँकेतल्या साहेबांनी तो बंद केला नाही, तर काकाजींनी त्यांचा चहा पिऊन, कप धुऊन, त्यांना नम्रपणे रस्ता दाखवला.

दुरुस्ती ते स्वतःच करत आणि प्रत्येक दुरुस्ती सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून होत असे. नळ गळो, दाराची कडी हलो, पंखा खडखडो, पट्टी तयारच. माझ्या न्हाणीघरातला नळ त्यांनी असा दुरुस्त केला की पाणी खाली पडायचं सोडून थेट छताकडे उडू लागलं. मी तक्रार केली तर म्हणाले की शहरात लोक याच्यासाठी वेगळी फिटिंग करून घेतात.

पण खरा छळ सकाळचा होता. साडेसहाला ते खिशातला पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, काढत आणि त्याच्या मुठीनं एकेका दारावर तीनदा ठोकत. "उठले का, सर?" आतून "उठलो" असं स्पष्ट ऐकू आल्याशिवाय ते हलत नसत. खोकला चालत नसे, बादलीचा आवाज चालत नसे. रविवारी तर मी डोक्यावर उशी घेऊन पडून राही, आणि ते तितक्याच शांतपणे ठोकत राहत. एकदा मी न सांगता दोन दिवस अकोल्याला गेलो. दाराला लॅच होतं, त्यामुळे आत कोणी आहे की नाही हे बाहेरून कळत नसे. परत येऊन बघतो तर माझं दार अंगणातल्या लिंबाला टेकवून ठेवलेलं आणि काकाजी माझ्या खाटेवर बसलेले. दारं बाहेर उघडणारी होती, बिजागऱ्या त्यांच्या हाताशीच. ते एवढंच म्हणाले, "सांगून जात जा. बारा स्क्रू हायेत, अन् दोन गंजेल होते."

पुढे माझी बदली वाशीमला झाली. काकू गेल्या, काकाजींचे गुडघे गेले, टाकीवर चढणं जमेना. मी त्यांच्या मागे लागलो की आता हे सगळं एजंटकडे द्या. भाडेकरू तो शोधेल, करार तो करेल, नळ बिघडला तर प्लंबर तो पाठवेल. काकाजी गुडघे चोळत ऐकत होते. मग म्हणाले, "ते सारं करन तो. पन उठले का म्हून कोन विचारन?"

मला हसू आलं. एजंट मीच आणला. करारात एक कलमही मीच घालायला लावलं की मालकानं भाडेकरूंची दारं वाजवू नयेत. सहा वर्षांच्या सकाळींचा सूड मी त्या एका ओळीत उगवला, आणि काकाजींनी चष्मा लावून त्याखाली सही केली.

माझ्या जुन्या खोलीत धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर काम करणारे एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, एकटे, कमी बोलणारे. एका सकाळी काकाजींचा मला फोन आला. खोलीबाहेरचा दिवा दिवसा जळत होता आणि दुधाची पिशवी दाराशी तशीच पडली होती. एजंट म्हणाला होता की उद्या माणूस पाठवतो. काकाजींनी मला विचारलं, "सर, दार काढू काय?"

मी शाळेच्या घाईत होतो. मी म्हणालो की गावाला गेले असतील, काढू नका, करार आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एजंटच्या माणसानं दार उघडलं. ते गृहस्थ न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडलेले होते. डॉक्टर म्हणाले की पडल्यावर बराच वेळ जिवंत असावेत, कदाचित एक दिवस. मी पोचलो तेव्हा काकाजी अंगणात खुर्चीवर बसले होते. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी खिशातून पेचकस काढून मला दाखवला.

"खिशातच होता, सर," ते म्हणाले. "दोनदा दाराशी गेलतो. मंग कागदावरची सही आठवली."

त्या खोल्या आता रिकाम्या आहेत. एजंटचा करार मी रद्द करून घेतला, पण काकाजींनी पुन्हा कोणाला चहा करायला लावला नाही. मोठ्या घरात ते एकटेच राहतात. मी रोज साडेसहाला फोन करतो आणि उठले का म्हणून विचारतो. ते "उठलो" म्हणतात आणि ठेवून देतात. नुसते खोकले तर मी पुन्हा विचारतो. माझ्या स्कूटरच्या डिकीत एक पेचकस असतो. मागच्या भेटीत ते चहा ठेवायला आत गेले, तेव्हा मी त्यांच्या पुढच्या, बाहेरच उघडणाऱ्या दाराचे स्क्रू मोजून घेतले. सोळा आहेत. तीन गंजलेले होते, ते मी बदलून आलो.