टबातला माका आणि कंगव्यातले केस

दिवाळीनंतर बायकोला टायफॉइड झाला. ताप उतरला आणि केस गळायला लागले. वैशाखात कळंबला तिच्या भाचीचं लग्न होतं. "गजरा काही टिकायचा नाही आता," एवढंच म्हणून ती आरशासमोरून उठली.

उपाय मी हाती घेतला. गॅलरीतल्या जुन्या टबात माका लावला. त्याला मुळाशी सतत ओल लागते आणि बारामतीत आमच्या गल्लीत नळ दिवसाआड. म्हणून फिल्टरचं वाया जाणारं पाणी मोजून टबात ओतू लागलो: सकाळी चार लिटर, संध्याकाळी तीन. रविवारी पानांचा रस खोबरेलात घालून, चरचर थांबेपर्यंत लोखंडी कढईत आटवायचा आणि ते तेल तिच्या डोक्याला चोळायचं. गुण येतो की नाही ते कळावं म्हणून रोज कंगव्यातले केस मोजून वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी एकशे बारा भरले.

कळंबचा मेहुणा आला आणि गॅलरीतूनच ओरडला, "दाजी, ह्ये काय लावलंय?"

"माका."

"आवो, उसाच्या सरीत ह्याला तणनाशक मारतो आमी! आन तुमी फिल्टरचं पाणी पाजताय व्हय?"

"म्हणूनच तुझ्या शेतातला आणला नाही."

"ताई, पुढच्या जन्मी तण होऊन दाजींच्या टबात यीन म्हणतो. आमच्या उसाला कुठं येळेवर पाणी हाय?"

तिसऱ्या महिन्यात केस एकोणीसवर आले. मी मेहुण्याला फोनवर वही वाचून दाखवली. शेजारच्या दोन घरी माक्याची रोपं दिली, सोबत पाण्याचं मापही लिहून दिलं.

मग एका सकाळी घंटागाडीत टाकताना कचऱ्याची पिशवी फाटली. वर्तमानपत्राच्या पुडीतून केसांचा गुंतवळ बाहेर पडला.

"तुम्ही मोजायच्या आधी थोडे काढून ठेवते," बायको म्हणाली.

"कशाला?"

"शंभराच्या वर गेले की दिवसभर तुमचं तोंड उतरलेलं. आजारी मी होते की तुम्ही?"

तीन महिन्यांची वही बाद झाली. शेजाऱ्यांकडे जाऊन सांगितलं, माक्याने गुण आला की नाही हे मला माहीत नाही. मोजणं बंद केलं. तेल मात्र बंद करू द्यायला ती तयार नव्हती. "रविवारचा तेवढाच अर्धा तास तुम्ही हिशेब न करता बसता," म्हणाली.

लग्नात तिने गजरा माळला. मेहुण्याने मांडवातच गाठलं, "दाजी, आज किती?"

"मोजले नाहीत," मी म्हणालो.

गजऱ्याला पिना पाच लागल्या होत्या. त्या मीच लावल्या, म्हणून ठाऊक.