पाखऱ्याचा कासरा

"मंग माह्या हातात कासरा द्यायचाच नाई, असं ठरवलं का तुमी?" सुधाकरराव बाजेवरून उठत म्हणाले.

"ठरवायचं काय त्यात, बाबा? पोट शिवलेलं हाय तुमचं," वैभव म्हणाला. "उद्या पोळ्यात बैल उधळला तर? मी नेतो न पाखऱ्याले."

"धा वर्सं झाली शिवून. तुह्या लग्नातल्या पँटीची शिलाई उसवली, हे नाई उसवलं."

सून नीलिमा तोंड फिरवून हसली. सासू वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्या वाटीत हळद-तूप कालवत होत्या.

पाखऱ्या आता थकला होता, त्याचा जोडीदार केव्हाच गेला होता. शेताची कामं ट्रॅक्टरवर गेली होती. पुढचा पोळा त्याला दिसेल की नाही, कोण सांगणार. तोरणाखालून एकदा त्याला आपल्या हाताने न्यायचं, एवढंच सुधाकररावांना हवं होतं.

एके काळी तलमडुगुच्या बाजूच्या गावांतली माणसं त्यांची बैलजोडी बघायला पोळ्यात थांबायची. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, झुलीवर वच्छलाबाईंनी रात्री जागून शिवलेले आरसे. पांढरंशुभ्र धोतर नेसलेले सुधाकरराव पुढे. घरी आल्यावर बैलांच्या तोंडी पुरणपोळी गेल्याशिवाय ते पाटावर बसत नसत. वच्छलाबाई दारातूनच आधी नवऱ्याकडे पाहायच्या, मग आरती ओवाळायच्या.

मग एका सकाळी गाडी जुंपताना पाखऱ्या बुजला. गाडी गर्रकन फिरली आणि जुवाचं टोक सुधाकररावांच्या उजव्या बरगडीखाली बसलं. रक्त कुठेच दिसेना. पोट दुखतंय म्हणजे बेंबी सरकली असेल, म्हणून वच्छलाबाईंनी गावात पोट चोळून देणाऱ्या रुक्माबाईला बोलावलं. सगळे असंच करतात. रुक्माबाईने एरंडेल लावून पोट चोळलं, वच्छलाबाईंनी पाय धरून ठेवले. चोळता चोळता सुधाकरराव पांढरेफटक पडले, घामाने भिजले.

आदिलाबादच्या दवाखान्यात पोट उघडलं तेव्हा कळलं, लिव्हर फाटलं होतं. रक्त थांबेना म्हणून डॉक्टरांनी त्याच्याभोवती कापडाच्या घड्या दाबून बसवल्या. दोन दिवसांनी पोट पुन्हा उघडून त्या काढायच्या होत्या. ते दोन दिवस वच्छलाबाई दिसेल त्या नर्सला विचारत राहिल्या, "बाई, आतलं कापड ध्यानात हाय न?" कापड निघालं. पुढे बरेच दिवस पोटातल्या नळीतून पित्त येत राहिलं, मग तेही आटलं. शेवटच्या तपासणीला तेलुगू डॉक्टर हिंदीत म्हणाले, "जिगर भर गया. अब खेत जाओ."

ऐकलं सगळ्यांनी, मानलं कोणीच नाही. सुधाकररावांनी बादली उचलली की कोणीतरी ती काढून घ्यायचं. सगळ्यांत आधी वच्छलाबाई.

संध्याकाळी खांदशेकणीला पाखऱ्याला अंगणात आणलं. उद्याच्या सणाआधी त्याच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि जेवणाचं आवतन द्यायचं. वैभवने कासरा धरला. तेवढ्यात गल्लीत कोणीतरी फटाका फोडला. पाखऱ्याने हिसडा दिला, वैभवच्या हातून कासरा सुटला. सुधाकररावांनी तो झेपावून पकडला. बैलाने त्यांना गोठ्याच्या दारापर्यंत फरफटत नेलं. तिथे त्यांनी टाचा रोवल्या.

"हो, हो, बाप्पा. काई नाई."

पाखऱ्या थांबला. सगळ्यांच्या नजरा सुधाकररावांच्या पोटावर.

"माह्याकडं काय पाहून राह्यले? हळद आणा."

वच्छलाबाई वाटी घेऊन गेल्या. पण आधी त्यांनी पोरासुनेसमोरच नवऱ्याचा सदरा वर केला. व्रण कोरडा होता, बैलाच्या खांद्यावरच्या घट्ट्यासारखा टणक. त्यांनी तो चोळला नाही, नुसता तळवा ठेवला.

"दुखते?"

"हात थंडा हाय तुहा."

त्यांनी सदरा खाली केला, पाखऱ्याच्या खांद्याला हळद-तूप लावलं. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," त्या बैलाला म्हणाल्या. मग वाटी पुसत घराकडे वळल्या.

"नीलिमा, त्यायचं पांढरं धोतर काढून ठेव. उद्या पाखऱ्याले हेच नेतीन."