बादलीतली मुंडकी

अगाफिया जळायची. कुणावर? सख्ख्या थोरल्या बहिणीवर! उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, कुस्कोक्विम नदीकाठच्या त्या गावात दवाखाना अगाफिया सांभाळायची, गावभराची इंजेक्शनं तिच्या हातची. पण कौतुक मात्रोनाचं. सामन माशाची मुंडकी आंबवावीत तर मात्रोनानंच, असं सगळे मिटक्या मारत म्हणायचे. आईसुद्धा!

यंदा ताईच्या आधी आपली मुंडकी घरोघर पोचवायची, असं अगाफियानं ठरवलं. मात्रोना जमिनीत खड्डा करून, गवत अंथरून, थंडाव्यात आठवडेच्या आठवडे वाट बघायची. हिला कुठला एवढा धीर! प्लॅस्टिकची बादली, घट्ट झाकण, आणि बादली शेगडीशेजारी. झटपट आंबली. हिनं वाटली, सगळ्यांनी तोंडभरून वाखाणली. बाईसाहेब हवेत!

दुसऱ्याच दिवशी आईला एकाची दोन माणसं दिसायला लागली. पापण्या खाली आल्या, तोंड कोरडं, जीभ जड. ताप नाही, शुद्ध लख्ख. अगाफियानं लगेच ओळखलं, बोटुलिझम. हवाबंद अन्नात धरणारं विष. ते नसांचा निरोप स्नायूंना पोचूच देत नाही. शेवटी श्वास अडकतो.

"ताईकडचं काय खाल्लंस गं?" तिनं आशेनं विचारलं. हो, आशेनंच!

"तुझीच मुंडकी," आई बोबडं बोलली.

शहरातल्या डॉक्टरांना फोनवर मात्रोनाचं नाव सांगावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मग बादलीतलं खाल्लेली माणसं घरात गुदमरून मेली असती. तिनं खरं सांगितलं.

"उताऱ्याचं औषध घेऊन छोटं विमान निघतंय, परतताना पेशंटला इकडं आणेल," डॉक्टर म्हणाले. "लुळं पडलंय ते लगेच सुटणार नाही, पण पुढचं थांबेल. श्वासावर लक्ष ठेवा. आणखी कुणी खाल्लंय?"

तिनं वायरलेसवर गावाला हाक दिली. "माझी मुंडकी खाल्लेल्यांनी आत्ताच्या आत्ता दवाखान्यात या!"

कुणी येईना. शेवटी शेजारचा वासिली वायरलेसवर खाकरला. "रागावू नकोस बाई, आम्ही नदीत टाकली. बादलीतली मुंडकी खातं का कुणी?"

"आम्हीपण टाकली," दुसऱ्या घरातून आवाज आला. मग तिसऱ्या.

अगाफियाचं तोंड लाजेनं तापलं. तेवढ्यात भिंत धरत धरत मात्रोना आत आली.

"मी खाल्ली गं. तू एवढ्या हौसेनं दिलीस, नाही कसं म्हणू?"

अगाफियानं तिची पापणी बोटानं उचलली. सोडली तशी ती खाली आली. अगाफियाला रडू फुटलं.

"विमानात आईला आधी घाल," मात्रोना म्हणाली. "मी थांबते."

इथंही हीच मोठी! अगाफियाला तेही सोसलं नाही.