टॉवर मऊ आहे की नाही

कारखान्यात त्याला सगळे टॉवर म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जायचं, आणि तेव्हाही तो पटकन ओ देत नसे. साडेसहा फूट उंची, दार अडेल एवढे खांदे आणि त्या सगळ्या डोलाऱ्यावर शाळकरी पोराचा असावा तसा चेहरा. दिवसा तो लोहारखात्यात घण मारायचा. संध्याकाळी कारखान्याच्या बास्केटबॉल टीममध्ये बोर्डाखाली उभा राहायचा. 'उभा राहायचा' हा शब्द वकिलाचा.

वकील म्हणजे लेथवरचा टर्नर. कोर्टाची पायरी त्याने जन्मात चढली नव्हती, पण वादाची खाज अशी की घरी बायकोने 'हो, आज मीठ कमी पडलं' म्हणून कबूल केलं तरी हा उलटतपासणी घ्यायचा. सिमेंट कारखान्याविरुद्ध बाद फेरीचा पहिला सामना हरल्यानंतर त्याला आयताच खटला मिळाला होता.

साखळी सामन्यांत टॉवरने बोर्डावरून परतलेले चेंडू झाडावरची फळं उतरवावीत तसे उतरवले होते. पण साखळीत माणसं वाट देतात. बाद फेरीत कोणी कोणाला वाट देत नाही. सिमेंटवाल्यांचा गेंडा नावाचा गडी होता, गोण्या उचलणारा. उंचीने टॉवरच्या खांद्याला लागेल इतकाच, पण मान नावाचा अवयव देव त्याला द्यायला विसरला होता. त्याने पहिल्याच मिनिटाला टॉवरच्या बरगडीत कोपर घातलं, मग पायावर पाय दिला, मग उडी मारता मारता डोक्याने त्याचा ओठ फोडला. टॉवरच्या बनियनवर रक्ताचा ओघळ छातीपर्यंत आला. चेंडू मात्र गेंडाच घेऊन जात राहिला. तीनपैकी दोन सामने जिंकेल ती टीम पुढे जाणार होती, आणि एक तर गेला होता.

"टॉवर कसला? शिडी आहे ती, शिडी!" सोमवारी कॅन्टीनमध्ये वकिलाने सुरुवात केली. "गेंडा चढला, फळं तोडली, उतरून गेला."

"ओठ फाटलाय रे त्याचा," टीमचा कप्तान म्हणाला. तो फिटर होता, आणि भांडणात पडायचा त्याला कंटाळा होता.

"फाटणारच! तोंड पुढे केलं होतं ना. कोपर कुठे होतं? बोर्डाखाली असा उभा, जसा काही बसस्टॉपवर. ही बस गेली, हरकत नाही, दुसरी येईल."

हशा झाला. टॉवर समोरच्याच बाकावर होता. न फाटलेल्या बाजूने हळूहळू घास चावत तो डब्यात बघत राहिला.

"बारा रिबाउंड घेतले त्याने," क्रेन चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. "मला वरून बघायची सवय आहे. मोजलेत मी."

"मावशी, शेवटच्या पाच मिनिटांत किती घेतले ते सांगा."

मावशींनी चहाचा कप तोंडाला लावला.

"तेच म्हणतोय मी! गेंडा अंगावर यायला लागला आणि आपले साहेब पाहुणे झाले."

आता मामांनी तोंड घातलं. मामा म्हणजे लोहारखात्यातले मुख्य लोहार आणि टॉवरचे सख्खे मामा. आईमागे त्यांनीच त्याला वाढवलं, घण हातात दिला, लग्न लावून दिलं. "रोज माझ्या हाताशेजारी घण पडतो त्याचा," ते म्हणाले. "मऊ माणसाच्या हातात मी घण देईन?"

"मामा, लोखंड उलटून मारत नाही," वकील म्हणाला. "माणूस मारतो. भित्रा आहे तुमचा भाचा, झालं?"

मामांनी पाण्याचा स्टीलचा जग उचलला आणि वकिलाच्या कपाळावर हाणला.

भुवई उसवली. वकिलाने आंधळ्यासारखा हात घालून मामांची कॉलर धरली, बाक उलटा झाला, मामांचं डोकं भिंतीवर आदळलं. लेथवाले वकिलाच्या बाजूने धावले, भट्टीवाले मामांच्या. कोणाच्या तरी दंडाला कोणीतरी चावलं. शेवटी टॉवर उठला. एका हाताने त्याने मामांना उचललं, दुसऱ्याने वकिलाला, आणि भांडणारी मांजरं दूर धरावीत तसे दोघांना लांब धरलं.

"बघा! बघा रे!" वकील लोंबकळत ओरडला. रक्त त्याच्या हनुवटीवरून गळत होतं. "आत्तासुद्धा सोडवतोयच! मारतोय का?"

सगळं कॅन्टीन हसलं. मामांच्या बाजूचेही हसले. गेंड्याचं कोपर गेलं नव्हतं तेवढं ते हसणं टॉवरच्या आत गेलं. कारण वकील खरं बोलतोय की खोटं, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. मारामारीत त्याचा हात कधी उठला नव्हता. तो उठत नव्हता की त्याला उठवता येत नव्हता? या एका प्रश्नाने त्याची झोप उडाली. त्यात कप्तानाने बाजूला घेऊन सांगितलं, "पुढच्या मॅचला पहिल्या पाच मिनिटांत तुझा जोर दिसला नाही, तर बाहेर बसवीन. वाईट वाटून घेऊ नकोस."

कोडं मामांनी सोडवलं, डोक्याला पट्टी बांधून, भट्टीसमोर.

घणाचं काम असं असतं. लोहार सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि लहान हातोडीने त्यावर टिचकी मारतो. जिथे टिचकी, तिथे घण. टिचकीच्या आधी घण पडला तर लोहाराचा हात जातो. मामांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, ती टॉवरच्या आधीच्या घणवाल्याने घाई केली म्हणून. हातोडी ऐरणीवर आडवी ठेवली की थांबायचं. मधल्या वेळात घणवाल्याने विचार करायचा नाही. खाली काय आहे ही काळजी लोहाराची.

"तू बोर्डाखाली टिचकीची वाट बघतोस," मामा म्हणाले. "चेंडू रिंगवर आपटतो आणि तू थांबतोस. तेवढ्यात गेंडा उडतो."

टॉवरने घण खाली टेकवला. मग हळूच म्हणाला, "हो की."

"अरे, रिंग वाजली हीच टिचकी. वाजली की घाल."

एवढी साधी गोष्ट. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो धपाटा घालताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली नाही, आणि ती फक्त लोहाराच्याच लक्षातून सुटू शकते. मैदानावर हातोडी आडवी ठेवायला कोणी नसतं.

दुसऱ्या सामन्यात पहिल्यांदा रिंग वाजली आणि टॉवर उठला. कोपर बाहेर, गुडघा पुढे, नजर वर. गेंड्याचं नाक चेपलं. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा सिमेंटवाल्यांचा एक लांबुळका गडी पाठीवर आपटून मैदानाबाहेर घसरत गेला. अशी धडक खाऊन कोणी पडलं की पंच चेंडूला हात लागला होता का एवढंच बघायचे, त्या स्पर्धेत फाउलची व्याख्या तशीच होती. चेंडू टॉवरच्या हातात यायचा तेव्हा त्यावर कोणाचं तरी रक्त असायचं. लोक बाकांवर उभे राहिले. भुवईला टाके असलेला वकील सगळ्यांत उंच आवाजात ओरडत होता, "घाल! घाल!"

मध्यंतरानंतर गेंडा घसरून पडला. चेंडू रिंगवर आपटला. कडेला उभ्या मामांनी दोन्ही हात आडवे करून दाखवले. पण भट्टीसमोर टॉवरची नजर ऐरणीवर असते, इथे ती वर होती. तो उडाला, दोन्ही हातांत चेंडू धरला आणि सगळ्या वजनानिशी गुडघ्यावर खाली आला. खाली गेंड्याचा जबडा होता.

आवाज सगळ्यांनी ऐकला. आणि लगेच कारखान्याच्या बाजूने आरोळी उठली, कारण चेंडू अजून टॉवरकडेच होता.

सामना जिंकला. "कोण म्हणत होतं मऊ?" वकील प्रत्येकाला गदागदा हलवून विचारत होता.

"तूच," मावशी म्हणाल्या.

मामा कोणाची वाट न बघता घरी गेले.

टॉवरच्या घरी त्याची बायको बनियन भिजत घालायला बसली होती. "एवढं रक्त? कुठे लागलं तुला?"

"माझं नाही ते."

तिने बनियन बादलीत टाकलं आणि हात पुसले. "मग तूच धू," ती म्हणाली आणि आत गेली.

त्याने धुतलं. साबण संपेपर्यंत धुतलं. गेंड्याचा जबडा तारेने बांधलाय, तो नळीने पेज पितोय, ही बातमी दुसऱ्या दिवशी आली. कॅन्टीनमध्ये टॉवरला आपोआप जागा मिळू लागली. चहा आधी त्याच्यापुढे यायचा. भित्रा नव्हता तर तो. उत्तर मिळालं होतं. ते घशाखाली उतरत मात्र नव्हतं.

तिसऱ्या सामन्याला सिमेंटवाले खेळायला आलेच नव्हते, ते मारायला आले होते. गेंड्याच्या जागी त्याचा थोरला भाऊ होता, तसाच बिनमानेचा. त्याने पहिल्या झटापटीत टॉवरच्या मूत्रपिंडात मूठ मारली. टॉवर वाकला, तेव्हा दुसऱ्याने त्याच्या कानावर कोपर ठेवून दिलं. टॉवरनेही दिलं. एकाचा दात फरशीवर पडून टणटणत गेला. कप्तानाचा अंगठा मागे मोडला, तो तसाच खेळला. बाकांवरून आपलीच माणसं ओरडत होती, "तोड! त्यालाही तोड!" आणि ती लोहारखात्यातली, लेथवरची, रोज डबा उघडून बसणारी माणसं होती. टॉवरच्या डोळ्यात भुवईचं रक्त उतरलं होतं. त्या लाल पडद्यातून त्याला त्यांची उघडी तोंडं तेवढी दिसत होती.

शेवटचं मिनिट. कारखाना एका गुणाने पुढे. सिमेंटवाल्यांनी चेंडू फेकला, रिंग वाजली, टॉवर उठला. त्याच वेळी गेंड्याच्या भावाचा पाय घामाने ओल्या फरशीवरून सटकला आणि तो उताणा पडला, अगदी टॉवरच्या खाली.

या वेळी टॉवरने खाली बघितलं.

वर असताना खाली बघणारा माणूस दोन्हीकडून जातो. त्याने अंग पिळलं, गुडघा वळवला. चेंडूला त्याची बोटंच लागली. तो भावाच्या बाजूला, डाव्या हातावर आदळला, आणि मनगट वाळक्या फांदीसारखं गेलं. निसटलेला चेंडू सिमेंटच्या एका गड्याने उचलला आणि सरळ जाळीत टाकला. शिट्टी झाली. हरले.

कारखान्याच्या जीपमध्ये मागे टॉवर बसला, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला वकील. कप्तान उरलेल्या अंगठ्यावर जीप चालवत होता.

"खाली कशाला बघितलंस?" वकिलाने विचारलं. "चेंडू वर होता."

"माणूस खाली होता," मामा म्हणाले.

"तोच ना, ज्याने याचं मूत्रपिंड फोडलं? ऐन वेळी मऊ पडला, मामा. मान्य करा."

"मऊ माणूस स्वतःचं मनगट मोडून घेतो?"

"घेतलं कुठे? मोडलं! घेणं वेगळं, मोडणं वेगळं. आता समजा—"

"समजा काय समजा? तुझ्यावर कोणी असं उडालं असतं तर—"

"माझा प्रश्न नाहीये! प्रश्न असा आहे की बोर्डाखाली उभा राहणारा माणूस—"

जीप खड्ड्यात गेली.

"आई गं!" टॉवर इतक्या मोठ्याने ओरडला की कप्तानाने ब्रेक दाबला, आणि त्या धक्क्याने तो पुन्हा ओरडला. "गप्प बसा रे दोघं! मऊ म्हणा, भित्रा म्हणा, काय वाटेल ते म्हणा! मरतोय मी इथे! दुखतंय मला!" आणि तो रडायला लागला, तोंड उघडं टाकून, आवाज न दाबता.

वकिलाने आपला शर्ट काढला, त्याची घडी करून मनगटाखाली सरकवली. "हळू चालव रे गाढवा," तो कप्तानावर खेकसला. मामांनी टॉवरचं कोपर तळहातावर तोलून धरलं.

सिग्नलला शेजारी एक स्कूटरवाला थांबला. त्याने वाकून आत बघितलं. रडणारा टॉवर, उघडाबंब वकील, डोक्याला पट्टी असलेले मामा. "काय हो, एवढ्या मोठ्या माणसाला काय झालं?"

"दिसत नाही का?" वकील म्हणाला. "दुखतंय त्याला. बघतोस काय, गाडी बाजूला घे."