अमेरिकेतल्या मासिकाचं काय झालं, ते सांगायला गेलो...

परवा रविवारी गंगापूर रोडवरच्या एका छोट्या हॉलमध्ये अमेरिकेतल्या एका साहित्यिक मासिकाच्या इतिहासावर बोललो. गर्दी बरी होती... नंतर बटाटेवडे आहेत, हे निमंत्रणातच छापलं होतं.

विषय मी निवडला नव्हता. माझे मित्र वसंतराव बरीच वर्षं कवितांचं त्रैमासिक काढतात. आता गुडघे थकले, जुन्या अंकांचे गठ्ठे दिवाणाखाली मावेनात, म्हणून ते बंद करायचं ठरलं... पण वाचकांसमोर सांगायचं कसं?

"तू आधी तिकडचं एखादं नामांकित मासिक मारून दाखव," ते म्हणाले. "म्हणजे माझं गेलेलं कुणाला फार लागणार नाही."

मीही मन लावून मारलं. दोन मैत्रिणींनी स्वयंपाकघरात सुरू केलेला अंक, गाजलेली वर्षं, आणि शेवटी थकलेल्या संपादिकेने सगळ्यांचे आभार मानून दिलेला पूर्णविराम... लोक हळहळले. वहिनी तेवढ्या पहिल्या रांगेत प्रसन्न. त्यांचा दिवाण मोकळा होणार होता!

मग वसंतराव उठले. घसा खाकरून म्हणाले, "तर मंडळी... आपणही आता थांबावं म्हणतो."

आणि मग एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक काका ताडकन उभे राहिले. "ओ वसंतराव, माझी गझल पुढच्या अंकात घेतो म्हणाला होतात ना?"

"सर, माझी पण कविता!" सिन्नरहून एसटीने आलेल्या एक ताई. "मी तर माहेरी सगळ्यांना सांगून बसले!"

बघता बघता हॉलभर हात वर. तेव्हा उलगडा झाला... या भल्या माणसाने आयुष्यात कुणाची कविता नाकारलेलीच नाही. जो देईल त्याला 'पुढच्या अंकात घेतो'! समोर वाचक म्हणून बसलेला प्रत्येक जण पुढच्या अंकाचा कवी होता.

वहिनींनी मागे वळून ते हात पाहिले. "काढा आता अंक," त्या म्हणाल्या, "आणि उद्या माझ्याबरोबर फर्निचरवाल्याकडे चला. मोठ्या बॉक्सचा बेड लागेल."

वसंतराव "बरं" म्हणाले. चेहऱ्यावर मात्र फाशी रद्द झालेल्या माणसाचं तेज... त्यांना तरी कुठे मनापासून थांबायचं होतं?

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. असेलही... पण या त्रैमासिकाची ती सख्खी आई निघाली. तिला उदंड आयुष्य लाभो!